४ वर्षांचा कर्णबधिर मुलगा मारतो, चावतो, कानातलं मशीन फेकतो. घरचे म्हणतात, "बहिरं पोट्टं हट्टीच असते." अशा मुलांच्या आईवडिलांना जे प्रशिक्षण देतात त्याचा खरंच उपयोग होतो का? खेड्यात ते मिळतं का?

होतो उपयोग. पण तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात "बहिरं पोट्टं हट्टीच असते", तिथं मी अडले. म्हणून एवढं लांब लिहितेय.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. मुलगा आता ७ वर्षांचा, दोन्ही कानांना मशीन. तो ४ वर्षांचा होता तेव्हाचा तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा. सासऱ्यांनी त्याला चाकाचा लाकडी नंदी आणला होता. सकाळपासून त्यानं दोरी हातातून सोडली नाही. जेवलाही एका हातानं. संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर पोरांची रांग लागली आणि भोंग्यावरून सांगितलं, आपापले नंदी पूजेसाठी पुढं आणून ठेवा. बाकीच्यांनी ठेवले. हा उभाच. जावेच्या मुलानं चांगल्या मनानं याचा नंदी उचलला आणि पुढं नेऊन ठेवला. याला दिसलं एवढंच, की आपला नंदी दुसऱ्यानं नेला. धावत गेला आणि त्याच्या दंडाला असा चावला की रक्त आलं.

मोठ्या नणंदबाई तिथंच होत्या. अमरावतीला शिक्षिका आहेत, तेव्हा लेकरांमधलं सगळं त्यांनाच कळतं. चार बायांसमोर म्हणाल्या, "ऐकू येत नाही म्हणून सूट देता तुम्ही त्याला. लाडानं वाया घालवलं लेकरू." मग मी काय केलं? त्याच्या कानशिलात ठेवून दिली. मशीन उडून नालीत पडलं. तो रडलासुद्धा नाही, नुसता माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. बोजाऱ्याची, म्हणजे पोळ्याला लेकरांना देतात ती चिल्लर त्याच्या मुठीत तशीच होती.

दोन महिन्यांनी यवतमाळला एका मॅडमकडं आईवडिलांचं हे प्रशिक्षण सुरू झालं. खरं सांगते, पहिल्या दिवशी मला रागच आला होता. बोलता येत नाही मुलाला आणि शिकवणार मला? मी हे सासऱ्यांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "गोऱ्हा कामाले लावाचा असला तं आधी माणसाले शिका लागते बाप्पा. तुतारी टोचून गोऱ्हा फक्त बुजाले शिकते." तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी. मला ते त्या वेळी पटलं नव्हतं.

मॅडमना मी पोळ्याचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "नंदी पूजेला न्यायचा असतो आणि मग परत मिळतो, हे त्याला आधी कोणी सांगितलं होतं?" कोणीच नाही. सांगायचं कसं तेच माहीत नव्हतं. ऐकणाऱ्या पोराला दिवसभर कानावर पडूनच कळत असतं. आई फोनवर म्हणते उद्या मामाकडं जायचं, आजी ओरडते आवरा रे. याला काहीच नाही. एकदम कोणीतरी उचलतं, अंघोळ घालतं, एसटीत बसवतं आणि उतरलं की सुई. तुम्हाला कोणी असं वागवलं तर तुम्ही चावणार नाही? कर्णबधिर मुलांतली दहापैकी नऊहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्याच घरी जन्मतात. म्हणजे बहुतेक घरांत हीच गत.

हे प्रशिक्षण मूळचं ऐकणाऱ्या मुलांसाठी, अमेरिकेत तयार झालेलं. तिथल्या जेराल्ड पॅटरसन यांनी दाखवलं की पोरगं किंचाळतं, आपण वस्तू देतो, ते गप्प होतं, आपल्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि अशा रीतीनं दोघंही एकमेकांना वाईट सवय लावत बसतात. आमच्याकडं मशीनचं तसंच होतं. त्यानं मशीन फेकलं की अख्खं घर धावायचं. सेल पाहा, मोल्ड (मशीनचा कानात बसणारा भाग) पाहा, सासूबाईंचा आरडाओरडा. दिवसभरात त्याच्याकडं एवढं लक्ष दुसऱ्या कशानंच मिळत नव्हतं. मॅडमनी सांगितलं, मशीन दोरीनं सदऱ्याला अडकवा, फेकलं तर चेहरा न बदलता उचला, आणि कानात असताना मात्र कौतुक करा, त्याला दिसेल असं. सुरुवात १० मिनिटांची, तीही त्याच्या आवडीच्या वेळेला. आमचा वेळ म्हणजे बैलांना ढेप घालायचा.

रोज ५-१० मिनिटं तो म्हणेल तो खेळ, आपण हुकूम सोडायचा नाही, हेही त्यात होतं. सोपं वाटतं. ऐकणारं पोरगं खेळण्याकडं बघताबघता आपलं बोलणं ऐकतं. हा एक तर नंदीकडं बघेल, नाहीतर माझ्याकडं. म्हणून थांबायचं. खांद्याला हात लावायचा, नजर आली की मग सांगायचं, मग वस्तू दाखवायची. माझ्या तोंडाला तीस वर्षांची बडबडीची सवय, थांबणं फार जड गेलं.

पुढं शेतीची कामं वाढल्यावर यवतमाळच्या चकरा बंद पडल्या, पुढचं मोबाइलवर झालं. गच्चीवर बसून, कारण रेंज तिथंच. एका कानात इअरफोन घालून मी त्याच्याशी खेळायची आणि मॅडम बघून कानात सांगायच्या, "आता थांबा... आता शाबासकी." तिसऱ्या दिवशी हा जवळ आला, माझ्या कानातलं बोंड चाचपलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. उठला, खाली गेला आणि स्वतःचं मशीन घेऊन आला. घालून दे म्हणून. घरातल्या मोठ्या माणसाच्या कानात त्यानं काही घातलेलं तोवर पाहिलंच नव्हतं.

पुढच्या पोळ्याच्या चार दिवस आधी मी मोबाइलमध्ये ५ फोटो ओळीनं लावले. नंदी, रांग, पारासमोर ठेवलेले नंदी, नारळ, आणि नंदी परत हातात. रोज रात्री दाखवायची, हातानं सांगायची. त्यानं स्वतः नेऊन ठेवला. शेवटी पूजा लांबली तेव्हा रडला, दोरी ओढली, नाही असं नाही. पण चावला नाही कोणाला. नणंदबाई म्हणाल्या, "एक वर्षानं मोठा झाला, समज आली."

वयानं समज येते, मान्य. पण मग तेच वय झालेला त्यांचा स्वतःचा नातू मोबाइल काढून घेतला की ताट का भिरकावतो? हातानं खुणा करून सांगितलं तर आमचा मुलगा तोंडानं बोलणार नाही, हेही नणंदबाईंचंच म्हणणं. हातानं सांगू लागल्यावरच त्याचे तोंडी शब्द वाढले, हे मी रोज पाहते.

तुमचा खरा प्रश्न राहिलाच. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करायचं केंद्र असतं, तिथं विचारा. अंगणवाडीत तपासणीला येतं ते आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक तिथली चिठ्ठी देतं. वर्तनाचं प्रशिक्षण प्रत्येक ठिकाणी वेगळं मिळेलच असं नाही, बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनाच थेट विचारा, मोबाइलवर घेता का म्हणून. आणि मुलाच्या बाबांना घेऊन जा. आमच्याकडं 'पालक' म्हणजे मीच होते. ह्यांनी एकदा बाहेर चहा पीत वाट पाहिली, तेवढंच.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हट्टाकडं दुर्लक्ष करा असं सांगतात, ते जपून. आपण तोंड फिरवलं तरी ऐकणाऱ्या पोराला आपली चाहूल असते, याला काहीच उरत नाही. क्षणभर फिरवा, शांत झाला की लगेच समोर या. दुसरं, मशीन एकाएकी नकोच म्हणू लागला तर आधी कान वाहतो का बघा, मोल्ड लहान झालाय का बघा. मशीनमधून शिट्टी वाजते ती बहुतेक मोल्ड सैल बसल्यामुळंच. सेल कुलूपबंद ठेवा. गिळला तर तासाभराचीही वाट बघू नका. आणि कानशिलात तर मारूच नका, हे मी कोणत्या तोंडानं सांगते ते वर आलंच आहे.

यंदा पोळ्याला नणंदबाई येणार आहेत, नातवाला घेऊन. ते ५ फोटो मी त्यांनाही पाठवलेत. निळी खूण अजून आलेली नाही.