जुन्या कोळसा खाणीवरचं रानजीवन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या गेडलिंग कंट्री पार्कमध्ये आमचं नेहमी जाणं असतं. तिथले काळे, बोडके उतार बघवत नाहीत. चांगली माती टाकून तिथे झाडं लावावीत असं आमच्या गटाच्या मनात आहे. सुरुवात कशी करावी?

सुरुवातच करू नये. गेडलिंगची खाण १९९१ साली बंद झाली आणि पार्क २०१५ साली खुलं झालं. तो उतार म्हणजे कोळशाबरोबर वर आलेल्या टाकाऊ शेल दगडाचा ढीग. त्यात नत्र आणि स्फुरद नावापुरतंच असतं, म्हणून दांडगं गवत तिथे माजत नाही आणि बर्ड्स-फूट ट्रेफॉइलसारख्या बुटक्या, पिवळ्या फुलांच्या वनस्पतीला जागा मिळते. डिंजी स्किपर फुलपाखरू मुख्यतः तिच्यावरच अंडी घालतं. काळा शेल उन्हात चटकन तापतो. हे फुलपाखरू पंख पसरून त्यावर ऊन खात बसतं आणि मातीत बिळं करणाऱ्या एकट्या मधमाश्यांनाही अशीच उघडी जमीन हवी असते. सुपीक माती पसरली की काही हंगामांत सगळीकडे गवत आणि नेटल हे खाजरं रान.

गंमत अशी, की ट्रेफॉइल ही शेंगावर्गीय वनस्पती. मुळांवरच्या गाठींतून ती स्वतःच जमिनीत नत्र भरत जाते आणि हळूहळू गवताला वाट करून देते. त्यामुळे नुसतं राखून भागत नाही, अधूनमधून जमीन पुन्हा गरीब करावी लागते. तुमच्या गटाला खरं काम इथे आहे, अर्थात पार्कच्या रेंजरला विचारूनच. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या उतारावर छोटे पट्टे निवडून वरचा थर मुळांसकट, खालचा शेल दिसेपर्यंत खरवडा. दरवर्षी वेगळा पट्टा घ्या, सगळा उतार एकदम कधीच नको, कारण सुरवंट हिवाळाभर पानं विणून केलेल्या घरट्यात जमिनीलगत झोपलेले असतात. कापलेलं गवत उचलून दूर न्या. ते तिथेच कुजलं तर खत घातल्यासारखंच झालं. बर्च झाडाची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत हातानेच उपटा. मोठं झाड कापलं तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात.

मात्र ओलसर भागातली बर्च आणि विलो झाडांची दाटी तशीच ठेवा. ब्रिटनमध्ये झपाट्याने घटलेला विलो टिट हा चिमुकला पक्षी कुजून मऊ झालेल्या खोडात स्वतः ढोली कोरतो. मेलेलं खोड 'साफ' केलं की त्याचं घर गेलं.

प्रश्न : डिंजी स्किपर ओळखायचा कसा? आम्हाला नुसते करडे पतंगच दिसतात.

मे आणि जूनच्या सुरुवातीला, ऊन असताना, ट्रेफॉइल आणि उघडी जमीन शेजारीशेजारी असेल तिथे शोधा. मदर शिप्टन आणि बर्नेट कम्पॅनियन हे दिवसा उडणारे पतंग त्याच जागी, त्याच दिवसांत असतात, त्यामुळे फसगत होते. मिशांची टोकं पाहा : स्किपरची जाडसर, पतंगांची नाहीत. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी मात्र स्किपरही वाळक्या फुलांच्या बोंडांवर पतंगासारखे पंख मिटून बसतो. फुलपाखरू दिसलंच नाही तर ट्रेफॉइलच्या कोवळ्या पानांवर अंडी शोधा. ती सुटी-सुटी घातलेली आणि काही दिवसांत नारिंगी झालेली असतात.

प्रश्न : पार्कमधल्या ओढ्याचं पाणी नारिंगी झालंय आणि वर तेलाचा तवंगही दिसतो.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तवंगाला काडी लावा. त्याचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते जुळले नाहीत, तर ते लोहजिवाणूंचं काम. तेल फिरून पुन्हा एकत्र येतं.

नारिंगी गाळाचं मूळ पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात. हवा आणि पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल आणि विरघळलेलं लोह सुटतं. खाण बंद होऊन पाणी उपसणारे पंप थांबले की बोगदे भरतात, हे पाणी बाहेर येतं आणि हवेशी गाठ पडताच लोहाचा गाळ तळाशी बसतो. रंग भीतीदायक दिसतो, पण खरा घात गाळाचा : दगडांमधल्या फटी बुजतात आणि तिथले किडे गुदमरतात. त्यावर उपाय म्हणजे पायऱ्यांवरून पाणी खेळवून त्यात हवा मिसळणं, मग गाळ बसायला तळी आणि शेवटी रीड या उंच पाणगवताचे ताटवे. रंग अचानक नव्याने दिसला असेल तर इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेला कळवा.

प्रश्न : पार्कच्या तळ्यात घरचे गोल्डफिश सोडले तर चालतील?

नाही. मासे ग्रेट क्रेस्टेड न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराची पिल्लं फस्त करतात. हा न्यूट कायद्याने संरक्षित आहे. क्वचित एखाद्या उन्हाळ्यात आटणारं तळं त्याला फायद्याचंच, कारण त्यात मासे टिकत नाहीत. पिसवांचं औषध मानेवर लावलेला कुत्राही पाण्यात उतरू देऊ नका. त्यातलं फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यातल्या किड्यांनाही मारतं.

प्रश्न : कुत्र्याला साखळी कोणत्या महिन्यांत लावावी?

मार्च ते जुलैअखेर, तीही आखूड. स्कायलार्क हा चंडोल पक्षी जमिनीवर, गवतात घरटं करतो. कंठेरी चिखल्या या पक्ष्याची अंडी तर उघड्या खड्यांतच असतात आणि खड्यांसारखीच दिसतात.