वाचकांचे प्रश्न : गोळी वर का चढते?

प्रश्न : वडिलांची .315 बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) बोल्ट रायफल त्यांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आली. शिकारीचे दिवस आजोबांबरोबरच सरले. मी ती केवळ रेंजवर, कागदी लक्ष्यावर चालवतो. जानेवारीत 50 मीटरवर वाळूच्या पिशवीवरून मारलेल्या पाचही गोळ्या आमटीच्या वाटीच्या तोंडात मावतील अशा लागल्या होत्या. मे महिन्यात मात्र त्याच अंतरावर पहिल्या दोन मधोमध लागल्या आणि पुढच्या तीन एकावर एक चढत चार बोटे वर गेल्या. प्रत्येक गोळीनंतर मी नेम थोडा खाली धरत गेलो, तर सगळेच बिनसले. गोळ्यांचा क्रम लिहिलेला तो कागद मी जपून ठेवला आहे. एका दुरुस्तीवाल्याने नळीत डोकावून ‘नळी गेली’ असा निकाल दिला. नवी नळी बसवावी काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तूर्त बसवू नये. आपण कागद जपून ठेवला आणि गोळ्यांचा क्रम त्यावर लिहून ठेवला, हे फार चांगले केले, कारण तो कागद दुरुस्तीवाल्याच्या निकालाच्या विरुद्ध साक्ष देतो. झिजलेल्या नळीच्या गोळ्या चौफेर विखुरतात आणि झीज फारच असेल तर गोळी आडवी होऊन कागदाला लांबट भोक पाडते. ती शिस्तीत एका रांगेत वर चढत नाही. शिवाय चार-पाच महिन्यांत, तेही मोजक्या गोळ्यांनी, रायफलीची नळी संपत नाही.

आपल्या प्रश्नात दोन सुगावे आहेत. एक म्हणजे जानेवारी आणि मे यांतला फरक, आणि दुसरा म्हणजे पहिल्या दोन आणि पुढच्या तीन गोळ्यांतला फरक. दुसऱ्याचे कारण बहुधा उष्णता आहे. गोळ्या लागोपाठ सुटल्या की नळी तापते, तापली की प्रसरण पावते, आणि तिच्याखालचे लाकूड तिला कुठेतरी नको तिथे टेकत असेल तर ती त्या टेकूवरून वर ढकलली जाते. पहिल्याचे कारण आपल्या नागपूरच्या हवेत आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडीठाक होते, आणि घरातल्या जुन्या दारांच्या फळ्यांमध्ये फटी पडतात तसेच रायफलीचे लाकूडही आकसते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. लाकूड आकसले की स्क्रू आपोआप सैल पडतात, कोणी हात न लावताही.

बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात बनलेली .315 रायफल मुळात ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली आहे. (.303 हा लष्करी बोअर नागरिकांना निषिद्ध राहिल्याने आपल्याकडे .315 रुळला.) या घराण्याचे लाकूड दोन तुकड्यांचे असते, म्हणजे पुढचे वेगळे आणि खांद्याकडचा दस्ता वेगळा. पुढचे लाकूड ज्यावर पेलले जाते तो स्क्रू मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, पुढे, खालच्या बाजूला असतो, आणि दस्ता त्याच्या पोटातून जाणाऱ्या एका लांब बोल्टने आवळलेला असतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा; दस्त्याचा नव्हे) काढून बाजूला ठेवावा आणि एका हाताने मॅगझिनजवळ, दुसऱ्याने दस्त्याच्या टोकाशी धरून रायफल हलकेच पिळून पाहावी. जोडापाशी किंचितही ‘टक’ जाणवली, तर निम्मे उत्तर तिथेच आहे. पुढचा स्क्रू नेमक्या बसणाऱ्या पेचकसाने आपण स्वतः आवळू शकता. दस्त्याचा बोल्ट मात्र परवानाधारक कारागिराकडूनच आवळून घ्यावा, कारण या घराण्यातल्या काही रायफलींत पुढचे लाकूड आधी न काढता तो बोल्ट फिरवला तर लाकडाला चीर जाते.

त्यानंतर रेंजवर एकच प्रयोग करावा. सकाळी सहा-सातला, ऊन तापण्यापूर्वी जावे, आणि पाच गोळ्या प्रत्येकीमागे दहा मिनिटे थांबून माराव्यात. मधल्या वेळात बोल्ट उघडा ठेवून रायफल सावलीत उभी करावी. नेम अजिबात बदलू नये. गोळी कुठेही लागो, नेम मध्यावरच. गोळ्यामागे नेम पळवणे म्हणजे आपल्याच सावलीचा पाठलाग करणे होय, आणि मे महिन्यात आपले जे बिनसले त्यातले बरेचसे त्यानेच बिनसले. थंड नळीच्या पाचही गोळ्या पुन्हा वाटीत मावल्या, तर नळी निर्दोष आहे आणि दोष लाकडाच्या टेकण्यात आहे, असे समजावे.

तो दोष काढण्यासाठी घरी काचपेपर घेऊन बसू नये, ही कळकळीची विनंती. हल्लीच्या रायफलींत नळी पूर्ण मोकळी ठेवण्याची रीत आहे, पण या जुन्या घराण्यात लाकूड नळीला कुठे टेकावे हे ठरवून केलेले असते. मी तरुणपणी ‘नळी मोकळी करतो’ म्हणून एका दुपारी हौसेने लाकूड घासले आणि पुढची दोन वर्षे त्या रायफलीने कागदावर अक्षरशः भिरभिरी काढली. चार घासांत गेलेले लाकूड परत येत नाही.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पिशवी नेहमी लाकडाखाली, मॅगझिनच्या थोडी पुढे, दर खेपेला त्याच जागी असावी. नळी पिशवीवर टेकली तर गोळी हमखास वर जाते. दुसरी गोष्ट तेलाची. या रायफलींत बोल्टचे अडकण मागच्या बाजूला असल्याने चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या पोकळीत) किंवा काडतुसावर तेल किंवा पाणी राहिले, तर बोल्टवरचा दाब वाढतो आणि गोळी वेगळ्या उंचीवर लागते. म्हणून मारण्यापूर्वी नळी आणि चेंबर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. काडतुसे गाडीच्या डॅशबोर्डवर तापत ठेवू नयेत; गरम दारू जोरात जळते. बुडावर ‘के एफ’ ही खडकीच्या कारखान्याची अक्षरे असली तरी खोक्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे एका खेपेच्या उत्पादनाचा क्रमांक, एकच आहे ना, हेही पाहावे. परवान्यावर काडतुसांची संख्या मोजकी असते, तेव्हा दोन लॉट मिसळून प्रयोग वाया घालवणे परवडणारे नाही.

प्रश्न : माझी पहिली गोळी मध्यावर लागते, नंतरच्या खाली आणि इकडेतिकडे जातात. रायफल .30-06 आहे, तपासून घेतली, दोष नाही म्हणतात. माझेच काही चुकते आहे का?
— एक वाचक भगिनी, काटोल

उत्तर : होय, आणि त्यात कमीपणा मानू नये. पहिल्या धक्क्यानंतर शरीर दुसऱ्या धक्क्याची वाट पाहते आणि चाप दबण्याच्या क्षणीच खांदा पुढे रेटला जातो, डोळा मिटतो. हे आपल्याला स्वतःला कळत नाही, म्हणून दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. रेंजवरच्या प्रशिक्षकांना सांगावे की त्यांनी प्रत्येक वेळी रायफल स्वतः भरावी, कधी खरे काडतूस, कधी डमी म्हणजे बिनदारूचे नकली काडतूस, आणि काय भरले ते आपल्याला सांगू नये. डमीवर नुसती ‘टिक’ वाजेल आणि नळीचे तोंड झटक्याने खाली जाताना आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. तो क्षण जरा लाजिरवाणा असतो. पण औषधाची सुरुवात तिथून होते.

घरी रोज पंधरा मिनिटे, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, डमी घालून भिंतीकडे नेम धरण्याचा सराव करावा. घरातल्या कोणाला तरी नळीवर एक रुपयाचे नाणे ठेवायला सांगावे. चाप दाबल्यावर नाणे पडले नाही, तर दाबणे बरोबर झाले. रेंजवर कानात बोळे आणि वर इअरमफ, असे दोन्ही लावावे, कारण माणूस बहुतेक वेळा धक्क्यापेक्षा आवाजाला अधिक दचकतो. दस्त्याला लोखंडी पत्रा असेल तर त्यावर रबरी पॅड चढवावा, आणि एका बैठकीत दहापेक्षा अधिक गोळ्या मारू नयेत.

प्रश्न : दुर्बीण बसवल्यापासून दर खेपेला झिरो (गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी दुर्बिणीची जुळणी) बदललेला आढळतो. दुर्बीण खराब समजावी का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : आधी माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारा जोड, खराब समजावे. स्क्रू आवळून झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. गाडीच्या डिकीतून रेंजपर्यंत नेल्यावर किंवा वीस गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली, तर चोर सापडला. रेघ शाबूत असेल तर दुर्बिणीची परीक्षा घ्यावी. बहुतेक दुर्बिणींत नेम सरकवणाऱ्या गुंडीचा एक क्लिक म्हणजे कोनाचे पाव मिनिट, म्हणजे 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर आणि 50 मीटरवर त्याच्या निम्मे. 50 मीटरवर एक गोळी मारून 20 क्लिक वर, मग 20 उजवीकडे, 20 खाली आणि 20 डावीकडे असे फिरवत, नेम न बदलता प्रत्येक वळणावर एक गोळी मारावी. कागदावर सुमारे सात सेंटिमीटरचा चौकोन उमटून शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी यायला हवी. ती भलतीकडे गेली, तर प्रयोग आणखी एकदा करून पाहावा, आणि दुसऱ्यांदाही तसेच झाले तर दुर्बीण विक्रेत्याकडे परत न्यावी. कागद मात्र सोबत घेऊन जावा.