पती गेल्यानंतर मन सावरते का, आणि पुन्हा कशासाठी जगायचे?

पतीच्या निधनाला दहा महिने झाले तरी दुःख ओसरत नाही, भेटणारा प्रत्येक जण ‘कशात तरी मन गुंतवा’ असे सांगतो, मुलगा घर विकून त्याच्याकडे राहायला या म्हणतो, आणि तुम्हाला मात्र आता कशासाठी जगायचे हेच कळेनासे झाले आहे, असे तुम्ही विचारले आहे. माझी पत्नी काही वर्षांपूर्वी दीर्घ आजाराने गेली. त्या अनुभवावरून आणि नंतर या विषयावर जे वाचले त्यावरून हे उत्तर लिहितो आहे. प्रत्येकाचा संसार वेगळा असतो, तेव्हा यातले जेवढे लागू पडेल तेवढेच घ्या.

नकारापासून स्वीकारापर्यंत दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असे तुम्हालाही कोणीतरी ऐकवले असेल. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले, ते स्वतः मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते पुढे लावले गेले. त्यामुळे दहाव्या महिन्यात पुन्हा संताप आला, किंवा एखाद्या सकाळी पती गेलेच नाहीत असे क्षणभर वाटले, तर आपले काही चुकते आहे असे मानू नका.

मला अधिक पटलेली मांडणी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांची आहे. १९९९ मध्ये त्यांनी असे मांडले की शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये येरझारा घालत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसासाठीचे झुरणे, रडणे, आठवणी. दुसऱ्या बाजूला त्याच्या जाण्यामुळे अंगावर आलेली कामे आणि एकट्याने जगण्याची नवी घडी. सतत एकाच बाजूला राहिले तर माणूस अडकतो. आलटून पालटून दोन्हीकडे जाणे, आणि मधूनमधून दोन्हींपासून विसावा घेणे, हेच सावरण्याचे स्वरूप आहे. म्हणून सकाळी रडलेला माणूस दुपारी हसला तर त्यात खोटे काही नसते. त्या हसण्याबद्दल सुरुवातीला अपराधी वाटते, आणि तसे वाटणे कोणाच्या सांगण्याने थांबत नाही, पण त्यावरून स्वतःच्या प्रेमाचे माप काढू नये.

माझ्या बाबतीत ही दुसरी बाजू कागदपत्रांपासून सुरू झाली. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँकेतले संयुक्त खाते, विम्याचा दावा, वारस म्हणून नाव लावण्याचे अर्ज, आणि प्रत्येक अर्जात मृत व्यक्तीशी असलेले नाते लिहिण्याचा तो रकाना. काम रुक्ष होते, पण निश्चित होते; एक कागद पूर्ण झाला की पुढचा कोणता हे ठाऊक असे, आणि त्या काळात इतके ठाऊक असलेले दुसरे काहीच माझ्याजवळ नव्हते. पुढे ओळखीच्या एका बाईंचे पती अचानक गेले आणि घरातले कोणते कागद कुठे आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्याबरोबर बसून यादी केली, अर्ज भरले. त्यांनी आणखी कोणाला तरी माझे नाव सांगितले, आणि असे होता होता आज माझा बराच वेळ याच कामात जातो. हे ध्येय मी शोधायला निघालो नव्हतो. तसा निघालो असतो तर ते सापडले नसते, असे मला वाटते.

म्हणूनच ‘कशात तरी मन गुंतवा’ हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी अपुरा वाटतो. छंदाला एक दिवस सुटी दिली तर कोणाचे अडत नाही. ज्या कामाला आपण गेलो नाही तर कोणाची तरी अडचण होते, तेच आपल्याला नको असलेल्या दिवशीही उठवते. असे काम लहान असले तरी चालते. एखाद्या मुलाचा अभ्यास घेणे, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पाठ वाचून दाखवणे, आजारी शेजाऱ्याची औषधे ठरल्या दिवशी आणून देणे, यांपैकी काहीही. मात्र ते ठरल्या वेळी आणि ठरल्या माणसासाठी असावे.

यासाठी पतींना विसरावे लागत नाही. गेलेल्या माणसाशी नाते तोडले तरच शोक पूर्ण होतो, असे पूर्वी मानले जाई; १९९० च्या दशकात शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मत खोडून काढत, ते नाते बदललेल्या रूपात टिकते असे दाखवले. एखादा निर्णय घेताना पत्नीने काय म्हटले असते, याचा विचार मी अजूनही करतो, आणि तिच्या मताविरुद्ध वागायचे ठरले तर मनातल्या मनात वादही घालतो.

शरीराकडेही लक्ष द्या. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्या प्रकृतीला धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. विधुरांवरील १९६९ च्या एका ब्रिटिश पाहणीत पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्के अधिक आढळले होते. चालू असलेली औषधे, झोप आणि राहून गेलेल्या तपासण्या यांची हेळसांड होऊ देऊ नका.

दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आता वैद्यकशास्त्रात स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी किमान एका वर्षाची मर्यादा आहे. केवळ महिने मोजून मात्र ते निदान होत नाही. रोजची कामे जमत नाहीत, लोकांना भेटणे पूर्णपणे टाळले जाते, गेलेल्या माणसाची ओढ जराही सैल होत नाही, अशी स्थिती असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे होऊन स्वतःला संपवण्याचा विचार येत असेल, तर आजच घरच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा, त्यासाठी कोणत्याही मुदतीची वाट पाहू नका.

राहिला घराचा प्रश्न. पैशांची निकड नसेल तर वर्ष-दीड वर्ष विक्री लांबणीवर टाका. मुलाला सरळ नकार देण्याऐवजी त्याच्याकडे महिनाभर राहून या, घर मात्र तसेच ठेवा. परत आल्यावर कुठे राहायचे हे तुम्ही ठरवा आणि त्याला तसे स्पष्ट सांगा.