भूक दुधातच संपते आहे

पत्र: माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, तो संध्याकाळपर्यंत पाळणाघरात असतो. जेवायला बसवलं की तोंड फिरवतो. मोबाइल लावला तर चार घास जातात. उपाशी राहू नये म्हणून २४० मिलिलिटरच्या चार बाटल्या दूध देते. वजन १२ किलो. चेहरा फिकट दिसतो, शी कडक होते. भुकेचं टॉनिक सुरू करू का? – एक धास्तावलेली आई

ताई, टॉनिक नको. आधी बाटल्या मोजू.

चार बाटल्या म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध, सुमारे ६०० कॅलरी. या वयाला दिवसभरात लागतात साधारण १०००. पोट असं दुधानंच भरल्यावर तो ताटाकडे बघेल कशाला? त्यातून पहिल्या वर्षानंतर मुलांची भूक मुळातच मंदावते, कारण वजन वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. १२ किलो हे अडीच वर्षांच्या मुलासाठी चिंतेचं वजन नाही.

काळजी वाटते ती फिकटपणाची. दुधात लोह नसल्यातच जमा असतं, आणि त्यातलं कॅल्शियम व केसीन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. म्हणून अंगानं गुटगुटीत दिसणाऱ्या मुलाच्या अंगातही रक्त कमी असू शकतं. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर बहुधा लोहाचं औषध लागेल. त्याचा डोस वजनावरून डॉक्टर ठरवतील. स्वतःहून काही आणू नका, लोहाचा जादा डोस लहान मुलाच्या जिवावर बेततो. तो माती खात असेल किंवा भिंतीचे पोपडे तोंडात घालत असेल तर तेही सांगा. लोह कमी असल्याची ती एक खूण आहे, शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं.

दूध बंद करायचं नाही, ४०० मिलिलिटरवर आणायचं. दर चार दिवसांनी एक बाटली कमी करा, सुरुवात जेवणाआधीच्या बाटलीपासून. झोपतानाची सुटायला सगळ्यात अवघड आणि दातांना सगळ्यात वाईट. तिच्यात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या. उरलेलं दूध पेल्यातून द्या, आणि तेही एक खाणंच धरा. दूध कमी झालं की बऱ्याचदा शीही मऊ होते.

दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. घोटभर रस, हातात एक बिस्किट, यानंच सगळं बिघडतं. ताटात प्रत्येक पदार्थ अडीच मोठे चमचे वाढा, म्हणजे वयाच्या वर्षामागे एक. आपल्याला ते फार कमी वाटतं, त्याला पुरतं. मागितलं तर आणखी द्या. रोज निदान एका जेवणात मांस, मासे किंवा डाळ-कडधान्य हवं. डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून वाढताना वर लिंबू पिळा. मोबाइल बंद करा. त्याच्यासमोर मूल नुसतं गिळतं, पोट भरल्याचं त्याला कळत नाही. २० मिनिटांनी ताट उचला, न रागावता. आणि एखादी भाजी दोनदा थुंकली म्हणून सोडू नका, दहा वेळा समोर येऊ द्या.

पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी कळवळून रात्री बाटली देतं, आणि जेवण नाकारलं की दूध मिळतं हे मूल पक्कं शिकतं. घरात आधीच एकमत करा. पाळणाघरातल्या मावशींना खाण्याच्या वेळा आणि प्रमाण कागदावर लिहून द्या. दिवसभरात काय आणि किती खाल्लं, ते त्यांनी त्याच कागदावर टिपावं. दहा मुलं सांभाळताना रडणाऱ्याच्या हातात बिस्किट दिलं जातं, म्हणून ठरलेल्या मधल्या खाण्यासाठी फळाच्या फोडींचा डबा तुम्हीच पाठवा. द्राक्षं असतील तर उभी चिरून, अख्खी घशात अडकतात.

महिन्यानं त्याच काट्यावर वजन करा. ते घटलेलं दिसलं, किंवा मधेच मूल मलूल झालं, आठ तास लघवी झाली नाही, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.