साडेचार वर्षांचा मुलगा ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळतो. त्याच्याकडून रोज पाने गिरवून घ्यावीत का?

घेऊ नयेत. नर्सरीच्या बाईंनी रोज चार पाने गिरवून घ्यायला सांगितले आहे, मुलाला ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’ अजून वेगळे ओळखता येत नाहीत आणि जोडीला मोबाइलवरचे एखादे ॲप घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावात बऱ्याच वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे आणि हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरात भांडणापर्यंत गेलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या मुलाला दोन अक्षरांतला फरक दिसलेलाच नाही, ते पानभर ‘ब’ काढताना वरच्या ओळीची नक्कल करीत खाली उतरते. पान भरते, बोटे दुखतात आणि दुसऱ्या दिवशी तोच ‘ब’ त्याला पुन्हा ‘व’ वाटतो. फरक ओळखायचा तर दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर हव्यात, आणि गिरवण्याच्या पानावर एकच अक्षर असते.

दुसरी गोष्ट अशी की जन्मल्यापासून मूल एकच धडा शिकत आलेले असते: वस्तू कशीही फिरवली तरी ती तीच राहते. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी डावीकडे तोंड करून ठेवला काय आणि उजवीकडे काय, तो नंदीच असतो. इंग्रजीतल्या स्मॉल बी आणि डी या अक्षरांपाशी आल्यावर मात्र आपण त्याला अचानक सांगतो की तोंड फिरले की नाव बदलते. म्हणून सहा-सात वर्षांपर्यंत मुले अक्षरे उलटी वाचतात, उलटी लिहितात, आणि त्यात मतिमंदपणाचा काही संबंध नसतो. देवनागरीत अशा आरशातल्या जोड्या फारशा नाहीत. आपली अडचण बारीक खुणांची आहे. ‘व’च्या पोटात तिरपी रेघ आली की ‘ब’ होतो, ‘प’च्या पोटात आली की ‘ष’ होतो. ‘घ’, ‘म’, ‘य’ यांची शिरोरेषा सलग असते, तर ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांची डावीकडे तुटते.

आमच्या धाकट्या भाऊजींनी त्यांच्या मुलीला तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातले होते. बी आणि डी यांत ती चुकते म्हणून तिच्या वहीवर लाल शाईने ‘वीक’ असा शेरा आला आणि तिला शाळा सुटल्यावर शिकवणी लावण्यात आली. मी विरोध केला, तेव्हा भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुमच्या अंगणवाडीत खडे अन् पाने खेळवतात, त्यानं का पोरं शिकतात?” ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. त्याच दिवसांत ही पोर माझ्या सासूबाईंजवळ बसून डाळ निवडत असे. आमच्याकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तूर होते आणि धान निघायच्या आधी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, लाखोळीचे (लाखेच्या डाळीचे) बी फेकतात. दोन्ही एकाच जात्यावर भरडल्या की डाळी थोड्याफार मिसळतातच. साल निघाल्यावर दोन्ही पिवळ्या दिसतात, परंतु तुरीच्या डाळीची कड गोल असते आणि लाखोळीची डाळ चपटी, कोनेदार असते. सुपात बोट फिरवीत ती मुलगी म्हणायची, “मोठीमाय, हे तुरीची नोहे,” आणि दाणा बाजूला टाकायची. एकदा ते सूप मी भाऊजींपुढे ठेवले आणि लाखोळी वेगळी करून दाखवा म्हटले. त्यांनी रंगावरून शोधायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने सूप परत सरकवले. ज्या मुलीची नजर इतकी बारीक होती, तिला त्या नर्सरीने ‘वीक’ ठरवले होते.

सासूबाईंनी तर शाळा कधी पाहिली नाही. धानाच्या बांधीत निंदण करताना हुबेहूब धानासारखे दिसणारे गवत त्या रोपाच्या गर्दीतून अचूक उपटत असत. पाते खोडाला जेथे मिळते, तेथे धानाला एक पातळ पापुद्रा असतो आणि त्या गवताला तो नसतो. इतक्याशा खुणेवर सगळे निंदण चालते. ही नजर कागदावर गिरवून आलेली नाही.

अंगणवाडीत मी हेच करते, आणि हा माझा शोध नव्हे. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले, तेव्हा त्यांचे साधनच असे होते की बाकी सगळे सारखे ठेवून एकच गुण बदलायचा: फक्त जाडी किंवा फक्त रंग. ती साधने गरिबांच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला खडे, बिया, पाने यांवरच बालशिक्षण उभे केले. भाऊजी ज्याला खेळ म्हणून हिणवत होते, त्याचा पाया हा आहे.

माझे सर्वांत आवडते साधन पळसाचे पान आहे. पळसाला पाने तीनच, हे सर्वांना ठाऊक असते. पण ती तीन सारखी नसतात, याकडे मोठ्यांचे लक्ष जात नाही. मधले पान मोठे आणि दोन्ही अंगांनी समान असते, तर बाजूची दोन्ही एका अंगाला कललेली असतात आणि एकमेकांची आरशातली रूपे असतात. आधी मुलांना मधली पाने वेगळी काढू द्यावीत. नंतर डावे पान उजव्यावर तंतोतंत बसवायला सांगावे. मूल ते गोल गोल फिरवून पाहते, तरी बसत नाही. शेवटी उपडे करते आणि बसते, पण आता मऊ लवेची खालची बाजू वर आलेली असते. बी आणि डी यांतला फरक एवढाच आहे, आणि तो मुलाच्या हाताने शोधलेला असतो. त्यानंतर अक्षरांच्या दोन मोठ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून “कुठे वेगळे आहे, बोट ठेव” एवढेच विचारावे. नाव विचारू नये, लिहायला सांगू नये.

भाऊजींच्या त्या मुलीला पुढे सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखू लागले, तेव्हा शिकवणी बंद झाली. दुसरीत ती गावच्या जिल्हा परिषद शाळेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट वाचत होती. भाऊजी अजूनही म्हणतात की तो शिकवणीचा गुण होता. शिकवणी सुटल्यावर वर्षभराने आलेले वाचन शिकवणीच्या खात्यावर कसे जमा होते, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही. तुमच्या बाईंनाही विचारा की चार पाने गिरवल्यावर मुलाला नेमका कोणता फरक दिसायला लागतो.

ॲपविषयी माझे मत प्रतिकूल आहे, कारण त्यावरचे चित्र हातात घेऊन उपडे करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ३ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास पडदा, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, असे सांगितले आहे.

दाणे, चिंचोके वापराल तर धाकटे भावंड जवळ नसावे, नाका-कानात जातात. रंगांत वारंवार चूक होत असेल तर रागावू नका, रंगांधत्व मुलींपेक्षा मुलग्यांत खूप जास्त आढळते. आणि मुलगा एक डोळा मिटून पाहत असेल, मान कलती करीत असेल किंवा चिठ्ठी फार जवळ धरत असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवून आधी डोळे तपासा. एका डोळ्याची नजर मंद राहत असेल, तर लहान वयातच उपचाराचा चांगला उपयोग होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. तुमचा मुलगा खासगी नर्सरीत असला तरी जवळच्या सेविकेला तारीख विचारून त्या दिवशी त्याला घेऊन जा.