डिग्रीला फायनान्स घेतलं तर तीन वर्षांत नक्की काय शिकवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरला पीयूसी (बारावी) कॉमर्स झालंय, आता बीकॉम किंवा बीबीएला फायनान्स घ्यायचा विचार आहे, पण त्यात अकाउंट्सच असतं की शेअर मार्केट शिकवतात? आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्याला झेपतं का? मी बेळगावातच डिग्री केली आणि सध्या उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात) पैशाची बाजू सांभाळते, म्हणून उत्तर देते.

पहिलं वर्ष बघून नाराज होऊ नका. अकाउंट्स, अर्थशास्त्र, बिझनेस मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, भाषेचे पेपर, यात फायनान्स असं फारसं दिसतच नाही. पण ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचता आलं नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जातं. दुसऱ्या वर्षी कंपनी अकाउंट्स, कॉस्टिंग, इन्कम टॅक्स, बँकिंग येतं. फायनान्शिअल मॅनेजमेंट आणि इन्व्हेस्टमेंटचे पेपर साधारण तिथून पुढे सुरू होतात. पेपरांची नावं आणि क्रम विद्यापीठ अधूनमधून बदलतं. मध्यंतरी चार वर्षांची डिग्री आली होती, २०२४-२५ पासून कर्नाटकात ती परत तीन वर्षांची झाली. आत शिकवतात ते फारसं बदललेलं नाही.

फायनान्सचा पाया एकच: आज हातात आलेला पैसा आणि वर्षाने येणारा पैसा सारखा नसतो. आपल्याकडे गल्लोगल्ली भिशी चालते, तिचंच बघा की. बारा जणी, महिना ५,००० रुपये, म्हणजे उचल ६०,००० ची. पहिला नंबर लागला तिलाही ६०,००० आणि शेवटचीलाही ६०,०००. महिना एक टक्का व्याज धरलं तर अकरा महिन्यांनी मिळणाऱ्या ६०,००० ची आजची किंमत सुमारे ५३,७८० रुपये होते. पहिला नंबर आपला लागावा म्हणून चिठ्ठी काढताना सगळ्या जणी डोळे मिटून का बसतात, ते वर्गात हिशेबाने कळतं. लिलावाच्या भिशीत तर घाई असलेली बाई किती रुपये सोडते, त्यावरून ती किती टक्क्याने पैसे उचलतेय तेही काढता येतं.

हेच गणित मोठं केलं की कॅपिटल बजेटिंग, म्हणजे मोठी खरेदी परवडेल का ते ठरवणं. समजा ५० लाखांची नवी भट्टी घेतली आणि तिच्यामुळे सहा वर्षं दरवर्षी १२ लाख वाचणार आहेत. साधी बेरीज ७२ लाख, म्हणजे २२ लाख फायदा असं मालकाला वाटतं. १२ टक्के दराने त्या सहा रकमा आजच्या किमतीत आणल्या तर बेरीज भरते ४९ लाख ३४ हजारांच्या आसपास. म्हणजे सौदा थोडा तोट्यातच. मुलं सूत्र पाठ करून मार्क मिळवतात. खरा प्रश्न असतो तो हा, की १२ टक्केच का धरले? त्याचं उत्तर कॉस्ट ऑफ कॅपिटलच्या, म्हणजे धंद्यातला पैसा आपल्याला किती टक्क्याने पडतो त्याच्या धड्यात आहे, आणि नेमका तोच धडा परीक्षेच्या आठवड्यात घाईने उरकला जातो.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात नीरस धडा वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा. नोकरीत ऐंशी टक्के वेळ तोच पुरतो. फाउंड्रीला स्क्रॅप आणि पिग आयर्नचे पैसे लगेच द्यावे लागतात, विजेचं बिल तर थांबतच नाही, आणि कास्टिंग (ओतलेले भाग) घेणारी मोठी कंपनी पैसे देते नव्वद दिवसांनी. मधले नव्वद दिवस कोण पोसणार? बँक. लहान उद्योगांना बँका जी मर्यादा देतात तिच्यामागे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीचा ठोकताळा आहे: वर्षाच्या अंदाजे विक्रीच्या २५ टक्के रक्कम धंद्यात अडकते असं धरायचं, त्या २५ पैकी २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. वर्षाचे पंचवीस टक्के म्हणजे तीन महिने. गिऱ्हाइकाने चार महिने लावले की हे गणित मोडतं, मग ऑर्डरबुक भरलेलं असूनही पगाराला पैसे नसतात. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ समजली की डिग्रीची निम्मी फी वसूल. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत, पण मोठ्या गिऱ्हाइकाला तो कायदा ऐकवायचं धाडस किती जण करतात ते तुम्ही उद्यमबागेत येऊन विचारा.

चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांचंही हेच. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज लागू होतं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. गोदामातली साखर तारण ठेवून कर्ज काढल्याशिवाय हंगाम निघत नाही. उसाचं बिल का लांबतं यावर घरी वाद होतच असतील, त्यात राजकारण किती आणि खेळत्या भांडवलाची ओढाताण किती हे तुम्हाला वेगळं करता येईल.

आता शेअर मार्केट. शिकवतात, पण टिप्स नाही. मार्कोविट्झ या अर्थतज्ज्ञाचा १९५२ चा पोर्टफोलिओचा विचार (पैसे एकाच ठिकाणी न ठेवता वाटून धोका कमी करायचा), बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो ते माप), कंपनीची किंमत कशी काढायची, फ्युचर-ऑप्शन (पुढच्या तारखेच्या भावावरचे करार) कसे चालतात, शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी काय करते, हे सगळं येतं. रोज ट्रेडिंग करून पैसे कसे कमवायचे ते येत नाही, आणि सेबीचे आकडे बघितले तर येऊ नये हेच बरं: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या साध्या गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. हाच धोक्याचा धडा आपल्या भागात सोसायट्यांना लावून बघा. बँकेतल्या ठेवीला, अगदी अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत विमा असतो. क्रेडिट सोसायटी किंवा सौहार्द सहकारीतल्या (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्थेतल्या) ठेवीला तो नसतो. दीड-दोन टक्के जास्त व्याज कशाबद्दल मिळतंय हे कळायला डिग्री लागायला नको, पण डिग्री झालेले नातेवाईकसुद्धा सगळे पैसे एकाच सोसायटीत ठेवताना मी बघते.

जीएसटीचा पेपर आपल्याकडच्या मुलांना सोपा जातो, कारण सीमा दारातच आहे. उद्यमबागेतून हाकेच्या अंतरावर शिनोळीला माल गेला तर तो महाराष्ट्रात गेला, म्हणून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर. पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला गेला तरी राज्य तेच, म्हणून सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा).

मराठी माध्यमाचं म्हणाल तर गणित अडत नाही. टक्केवारी, साधं बीजगणित आणि थोडं स्टॅटिस्टिक्स एवढ्यावर भागतं. अडते ती इंग्रजी, पहिल्या दोन सेमिस्टरना. मी धडा आधी मराठीत समजून घ्यायचे, मग इंग्रजी उत्तर लिहायचे. कॉलेजात भाषा विषय म्हणून मराठी मिळतं का ते प्रवेशाआधी विचारा, सगळीकडे मिळत नाही. टॅली आणि एक्सेल मात्र कॉलेजच्या भरवशावर सोडू नका, सुट्टीत वेगळं शिका. मुलाखतीत आधी तेच विचारतात.

बीकॉम की बीबीए? सीए करायचा थोडा जरी विचार असेल तर बीकॉम घ्या, कारण ५५ टक्के मिळवलेल्या बीकॉमवाल्याला सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट दुसऱ्या टप्प्याला, इंटरमीजिएटला, जाता येतं. बीबीएत प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन जास्त, पुढे एमबीए करणाऱ्यांना ते बरं पडतं. बँकेच्या परीक्षांना दोन्ही चालतात. तिथे कर्नाटकातल्या जागा हव्या असतील तर कन्नड लिहिता-वाचता यायला पाहिजे, नुसतं बाजारात बोलण्यापुरतं पुरत नाही. गडहिंग्लज-कोल्हापूरकडच्या जागांना तुमची मराठी आहेच.