ऑडिओ शोमध्ये ऐकलेले महागडे स्पीकर कोकणातल्या घरात तसेच वाजतील का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: मुंबईच्या ऑडिओ शोमध्ये आठ लाखांचे स्पीकर ऐकून तुम्ही खुळावलात, देवगडला समुद्राच्या अंगाला घर बांधताय, आणि तेच स्पीकर तिथल्या हॉलमध्ये लावले तर तसेच वाजतील का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. घ्यावेत की नाही ते तुमचा खिसा ठरवेल. तसेच वाजणार मात्र नाहीत.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येईल. मी कुडाळकडचा. सत्तावीस वर्षं मंडप आणि माईकचा धंदा करतोय. डबलबारीची भजनं, दशावतार, लग्नं, गणपती, निवडणुका, सगळीकडे माझे बॉक्स वाजलेत. हाय-एंड वगैरे माझं जग नव्हे. ते वेड डोंबिवलीतल्या माझ्या भाच्याला आहे. त्याच्याच आग्रहाने मी कोकणकन्या पकडून शो बघायला गेलो आणि दोन दिवस हॉटेलाच्या खोल्या-खोल्यांतून फिरलो.

आमच्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम. तुमच्या देवगडात पेटी म्हणजे आंबे. धंद्यात स्पीकरच्या खोक्यालाही आम्ही पेटीच म्हणतो, आणि मुंबईत पेटी म्हणजे लाख रुपये. त्यामुळे भाचा कानाशी येऊन "मामा, ही पेटी चाळीस पेटीची" असं म्हणाला तेव्हा मला क्षणभर आंब्याचंच गणित सुचलं.

जाताना एक शहाणपणा केला होता. आमच्या देवळाच्या सभामंडपात अण्णांचा पखवाज आणि बुवांचं भजन मीच रेकॉर्ड केलं होतं. साधा रेकॉर्डर, पखवाजापासून तीनेक हातांवर ठेवलेला, ना इको ना काही. ते पेनड्राइव्हवर घेतलं. शोमध्ये जिथे तिथे तीच ठरावीक गाणी लावतात: एक फिरंगी बाई, एक गिटार, मध्येच बोटांनी वाजवलेल्या चुटक्या. त्या बाईचा आवाज खरा कसा आहे हे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, लावणाऱ्यालाही माहीत नाही. मग स्पीकर खरं बोलतोय की गोड बोलतोय, हे कोण ठरवणार? अण्णांचा पखवाज मात्र मी पंधरा वर्षं शेजारी बसून ऐकलाय. काही खोल्यांत "सर, आम्ही बाहेरचं लावत नाही" असं हसून सांगितलं. बाकीच्यांनी लावलं.

पहिल्याच खोलीत माणसाच्या उंचीचे स्पीकर होते, एकेका बाजूला तीन वूफर, म्हणजे खालचा आवाज काढणारे मोठे पडदे, रंग असा की बोट लावायची भीती वाटावी. बाईचं गाणं लागलं आणि आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, रिकाम्या भिंतीवर उभा राहिला. ओठ कुठे आहेत ते बोटाने दाखवता आलं असतं. असा आवाज मी आयुष्यात कधी उभा केलेला नाही, कारण मंडपात तो करायचाच नसतो. तिथे शेवटच्या बाकावरच्या आजोबांना शब्द कळला की माझं काम झालं. पण मी मधल्या खुर्चीवरून उठून कडेला गेलो तर बाईही माझ्याबरोबर कडेला सरकली. म्हणजे ही जादू एका खुर्चीपुरती. तुमच्या घरी माणसं हॉलभर बसणार असतील तर याचा विचार करा.

मग पखवाज लावला. सुरुवातीलाच पंचाईत. पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडाला धुमा म्हणतात, त्यावर ओली कणीक लावलेली असते. धुम्यावर थाप पडली की "धुम्" व्हायला हवं, तर तिथे "घूंऽऽ" असं खोलीभर पसरत होतं, आणि प्रत्येक थाप एकाच सुरात. हा दोष स्पीकरचा नव्हता, खोलीचा होता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत चार मीटर अंतर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी त्या अंतरात बसते. मग तो सूर भिंतीभिंतींत घुमत राहतो आणि शेजारच्या सुरांना झाकून टाकतो. मोकळ्या शेतात मी मोठमोठे बेस लावतो, तिथे हे होत नाही, कारण अडवायला भिंतच नसते. एवढ्याशा खोलीत सहा वूफर म्हणजे न्हाणीघरात ढोल.

दुसऱ्या एका खोलीत विक्रेत्याने आधी स्वस्त जोडी वाजवली, मग महाग. महाग लागली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फोनवरचं आवाज मोजायचं अॅप उघडून बसलो होतो. ते अगदी अचूक नसतं, पण आधीचा आणि नंतरचा फरक कळायला पुरतं. महाग जोडी अडीच डेसिबलने मोठी होती. एवढा फरक बऱ्याचदा "मोठा" म्हणून नव्हे, "चांगला" म्हणून जाणवतो. मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू. यजमान मंडपात शिरले की मीही मास्टर बोटभर वर सरकवतो.

आता ज्या खोलीने मला खरंच हलवलं ती सांगतो. दारातूनच दिसलं आणि हसू फुटलं: दोन्ही बाजूंना भलेमोठे कर्णे! माझ्या गोडाऊनमध्ये असे सोळा भोंगे गंजत पडलेत, आणि इथे तेच वार्निश लावून, दिवे सोडून मांडलेले. पुढे छोटंसं नळ्यांचं मशीन, म्हणजे जुन्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, तांबूस पेटलेलं.

"किती वॉट?" मी विचारलं.

"आठ."

"आठशे?"

"आठ, सर."

माझा विश्वास बसायला वेळ लागला. पण गणित सरळ आहे. घरातल्या साध्या स्पीकरला शंभर वॉट दिले तर आवाजाच्या रूपाने जेमतेम एखादा वॉट बाहेर पडतो, बऱ्याचदा तोही नाही. बाकी सगळं कॉईल तापवण्यात जातं. कर्णा लावला की पडद्याला समोरची हवा नीट पकडता येते आणि तेवढ्याच विजेत कितीतरी पट आवाज निघतो. अमेरिकेत पॉल क्लिप्श नावाच्या माणसाने १९४६ साली खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्ण्याचा स्पीकर बाजारात आणला. त्यात घराच्या दोन भिंती हाच कर्ण्याचा शेवटचा तुकडा होतो. त्याची कंपनी एका वॉटला १०५ डेसिबल सांगते. घरातला नेहमीचा स्पीकर ८५ ते ८८ देतो. दर १० डेसिबलला दहापट वॉट लागतात, म्हणजे २० डेसिबलच्या फरकाला शंभरपट. आठ वॉट कसे पुरले ते आता कळलं असेल.

माझं भजन लागलं. झांजेचा पहिला ठोका पडला आणि मी चक्क मान मागे घेतली. मोठ्या आवाजामुळे नव्हे. आवाज अचानक आला म्हणून. खरी झांज तशीच येते, सांगून येत नाही. बाकीच्या खोल्यांत तिची धार कुणीतरी कानसने घासल्यासारखी वाटत होती, ते मला इथे आल्यावर कळलं. आमचे भोंगे कर्कश का वाजतात मग? कारण ते बोलणं लांब पोचवायला केलेले असतात. खालचा आणि वरचा आवाज कापून मधलाच भाग पुढे ढकलतात. तत्त्व तेच, पण तो पोस्टमन आणि हा गवई.

शेजारी कुडाळचेच एक गृहस्थ भेटले होते, ते तिथेच पुटपुटले, "आवाज खयसून येता रे? पेटयेत बुवा बसलो हा काय?" किंमत ऐकल्यावर तेच म्हणाले, "पैशे झाडाक लागतत काय?" त्या पैशात आमच्याकडे घर होतं, विहीर होते आणि वर पंप बसतो.

एका खोलीत पातळ पडद्याचे, इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर होते. त्यात कोन, म्हणजे नेहमीच्या स्पीकरचा हलणारा शंकू नाही, पेटी नाही. दुधाच्या सायीहून पातळ फिल्म दोन जाळ्यांमध्ये ताणलेली असते, तिच्यावर हजारो व्होल्टचा भार असतो आणि ती सगळीच्या सगळी हलते. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने असा स्पीकर १९५७ साली विकायला काढला, त्याचे भक्त आजही आहेत. बुवांचा गळा या पडद्यातून जितका मोकळा आला तितका कुठेच आला नाही. स्पीकरच्या पेटीचा खोकल्यासारखा जो एक घोगरेपणा असतो ना, तोच नव्हता. पण तुमच्यासाठी हे बाद. दमट हवेत आणि धुळीत तो भार गळायला लागतो, मग आवाज बसतो नाहीतर चटचट असे ठिणगीचे आवाज येतात. खिडकीतून समुद्र दिसणार असेल तर एकतर खिडकी ठेवा नाहीतर हे स्पीकर.

शेवटच्या मजल्यावर, जिथे फारसं कुणी फिरकत नव्हतं, तिथे बुटाच्या खोक्याहून थोडी मोठी अशी एक जोडी स्टँडवर ठेवलेली. एलएस३/५ए. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरून कार्यक्रम प्रसारित करायच्या गाड्यांसाठी ही रचना केली. गाडीत जागा नाही आणि कानाला आवाज खरा हवा, एवढीच अट. आजही परवाना घेऊन त्या बनवल्या जातात. बेस बेताचाच, मोठ्याने वाजवलं तर धाप लागते. माझ्या एका लग्नात चालायची नाही. पण भजन लागलं आणि मी पुढे वाकून बसलो. बोटं चामड्यावरून निसटताना होणारी खसखस, बुवांनी घेतलेला श्वास, सभामंडपाची उंची. एकच गोष्ट खटकली: पखवाजाचा धुमा किंचित चढा लागत होता. मी भाच्याला म्हटलं, "खाली आवाज नाही ना, म्हणून वर गेल्यासारखा वाटतो." आणि आम्ही वडापाव खायला खाली गेलो.

आता तुमचं घर. तुम्ही स्लॅब, गुळगुळीत प्लास्टर आणि चकचकीत टाइल्स असं लिहिलंय. रिकाम्या हॉलमध्ये एकदा टाळी वाजवून बघा. "टर्रर्र" असं उत्तर आलं तर आठ लाख काय नि ऐंशी काय, सगळं त्या टर्रर्रमध्ये जाणार. आमचं जुनं घर जांभ्याचं आहे, आतून गिलावा नाही, वर कौलं. चिऱ्याच्या भोकाभोकांत आवाजाचा वरचा भाग मुरतो आणि खालचा घुमारा कौलांतून बाहेर निघून जातो. माजघरात साधा रेडिओसुद्धा गोड लागतो. एक भिंत उघड्या चिऱ्याची ठेवता आली तर ठेवा, गवंडी नाक मुरडेल, मुरडू दे. नाहीतर जाड गालिचा, भरलेलं पुस्तकांचं कपाट, जड पडदे. स्पीकर भिंतीपासून निदान दोन-तीन फूट पुढे. आणि कौलांचंच घर असेल तर जून ते सप्टेंबर संगीत पावसाचं ऐकायचं, त्यावर कुठलाच स्पीकर मात करत नाही.

खाऱ्या हवेचं कोणी शोमध्ये सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. कोनच्या कडेला फोम असेल तर तो आमच्याकडे काही वर्षांत भाकरीसारखा कुसकरतो, रबर टिकतं. पेटी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची असेल आणि कुठे कडा उघडी राहिली असेल तर पावसाळ्यात फुगते. माझ्या पेट्या प्लायच्या आहेत ते उगाच नाही. वायरींची टोकं हिरवी पडतात. दसऱ्याला मी सगळी अर्धा इंच कापून नव्याने छिलतो, तुम्हीही तेच करा, त्यासाठी सोन्याच्या वायरी लागत नाहीत. कागदी कोनवर बुरशी येते, म्हणून रोज थोडा वेळ वाजवत राहा. स्टॅबिलायझर लावा, लाईटचं तुम्हाला माहीत आहेच.

माझं मत विचाराल तर आठातले तीन लाख खोलीवर घाला, उरलेल्यात लहान पण प्रामाणिक जोडी घ्या. मोठे स्पीकर मोठ्याने वाजतानाही दमत नाहीत, बराचसा पैसा त्याचा असतो, आणि तुमच्या हॉलला तेवढ्या मोठ्याची गरजच नाही. घेण्याआधी ओळखीचा आवाज रेकॉर्ड करून न्या. आईचं बोलणं न्या, घरची घंटा न्या, काहीही.

गावी परत आल्यावर अण्णांकडे गेलो होतो. सगळी गंमत सांगितली, आणि जाता जाता त्या लहान पेटीची तक्रारही केली की तिच्यात तुमचा धुमा चढा लागतो. अण्णा सुपारी कातरत होते. म्हणाले, "चढोच होतो. त्या दिवशी कणीक सुकलेली. मधी उठाक गावला नाय, म्हणून तसोच वाजवलंय."